मनगटातला धीर : गोल्फपटू बॉबी जोन्स

विद्यार्थिमित्रहो, विटीदांडूचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. विटी सर्वांत लांब कोण टोलावतो, याचे कधी नीट निरीक्षण केले आहे काय? वर्गातील सर्वांत धिप्पाड मुलगाच तिला सर्वांत दूर धाडतो असे नाही. पुष्कळदा एखादा किरकोळ अंगाचा मुलगा दांडू सहज फिरवल्यासारखा फिरवतो आणि विटी पाहता पाहता अंगणाबाहेर जाते. उलट दात-ओठ खाऊन मारणाऱ्याची विटी चार पावलांवर पडते. या चमत्काराचे रहस्य दंडात नसून मनगटात आहे. आणि मनगटातही ते जोरात जितके आहे, त्याहून अधिक धीरात आहे. हा धीर ज्याच्या मनगटाने लहानपणीच ओळखला, पण ज्याच्या मनाला तो शिकायला कित्येक वर्षे लागली, अशा एका थोर खेळाडूचे चरित्र आज आपण पाहू.

रॉबर्ट टायर जोन्स, ज्याला जग बॉबी जोन्स या नावाने ओळखते, त्याचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरी झाला. वडील वकील होते. घरची स्थिती चांगली होती. परंतु मूल जन्मतःच अत्यंत अशक्त. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला घन अन्न पचत नसे. मोकळ्या हवेचा लाभ व्हावा म्हणून आईवडिलांनी शहराबाहेर ईस्ट लेक येथे बिऱ्हाड नेले. तेथे जवळच गोल्फचे विस्तीर्ण मैदान होते. हवापालटासाठी नेलेल्या या रोगट मुलाला तेथे औषधही मिळाले आणि आयुष्यभराचा ध्यासही जडला.

गोल्फचा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो. हिरवळीच्या मोठ्या मैदानावर एकामागून एक अठरा टप्पे आखलेले असतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जमिनीत एक लहान खळगा असतो आणि तेथे निशाण लावलेले असते. लांब काठीने टोले मारीत चेंडू त्या खळग्यात घालायचा. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा असतो आणि तो जागच्या जागी स्थिर पडलेला असतो. क्रिकेटप्रमाणे कोणी तो आपल्यावर फेकीत नाही. म्हणजे चुकल्यास दोष द्यायला स्वतःवाचून दुसरे कोणीही नाही. याच कारणाने हा खेळ सोपा दिसतो आणि याच कारणाने तो माणसाची कठोर परीक्षा पाहतो.

ईस्ट लेकच्या मैदानावर स्टुअर्ट मेडन नावाचे एक स्कॉटिश शिक्षक होते. स्कॉटलंडातील कार्नूस्टी गावाहून आलेले हे गृहस्थ अबोल होते. लहानग्या बॉबीला त्यांनी पुस्तकी पाठ असे दिलेच नाहीत. तो त्यांच्या मागे मागे हिंडे, त्यांचा टोला टक लावून पाही आणि घराजवळ येऊन त्याची हुबेहूब नक्कल करी. गवयाचा मुलगा जसा ताना शिकण्यापूर्वीच गळ्यात उचलतो, तसा हा मुलगा तो टोला अंगात उचलीत होता.

सहा वर्षांचा असताना मुलांच्या एका छोट्या स्पर्धेत त्याला चिमुकला चषक मिळाला. त्या स्पर्धेत अलेक्सा स्टर्लिंग नावाची मुलगीही खेळली होती. खरी विजयी तीच होती, असे बॉबीने मोठेपणी मोकळ्या मनाने नमूद केले. या अलेक्साने पुढे १९१६, १९१९ आणि १९२० साली अमेरिकेचे महिलांचे हौशी अजिंक्यपद मिळवले.

आता ज्या गोष्टीने बॉबीचा टोला जगात नावाजला गेला, तिच्याकडे वळू. खेळाडू काठी मागे व वर नेतो, तेव्हा त्याची मनगटे दुमडतात आणि हात व काठी यांमध्ये जवळजवळ काटकोन होतो. तेथून काठी खाली चेंडूवर यायला सुमारे पाव सेकंद लागतो. या पाव सेकंदातच सारे रहस्य आहे. नवशिक्या काय करतो? वर गेल्याबरोबर त्याला चेंडू दिसतो, मारण्याची घाई होते आणि तो मनगटांची दुमड तत्काळ उलगडून टाकतो. काठीचा माथा चेंडूपाशी पोहोचण्यापूर्वीच सारा वेग खर्च होऊन जातो. चेंडूच्या वाट्याला उरलेसुरले येते. कुशल खेळाडू याच्या उलट करतो. तो प्रथम कंबर वळवू लागतो. कंबरेमागून खांदे येतात, खांद्यांमागून हात येतात. आणि मनगटांची दुमड मात्र तशीच राहते. काठीचा माथा हातांच्या मागे रेंगाळत येतो. या रेंगाळण्यालाच गोल्फचे खेळाडू लॅग म्हणतात. आपण त्याला मनगटाचा विलंब म्हणू.

हा विलंब कशासाठी? काठी हातांशी दुमडलेली असते तेव्हा तिचे वजन शरीराच्या जवळ राहते, म्हणून ती फिरवण्यास हलकी जाते आणि हात चटकन वेग घेतात. लांब बांबू एका टोकाला धरून गरगर फिरवून पाहा आणि मग तोच मध्यावर धरून फिरवून पाहा; फरक तत्काळ कळेल. हात कंबरेच्या सुमारास आले की फिरण्याच्या वेगानेच काठीचा माथा बाहेर ओढला जातो आणि दुमड आपोआप उलगडू लागते. त्या क्षणी हातांचा वेग मंदावतो, आणि हातांनी गमावलेली गती काठीच्या माथ्याला मिळते. गाडीवानाचा आसूड असाच वाजतो : मूठ थबकते आणि टोक कडाडते. शेताची राखण करणाऱ्याची गोफणही याच न्यायाने धोंडा दूर भिरकावते. चांगल्या खेळाडूच्या काठीचा माथा चेंडूवर येताना ताशी १६० किलोमीटर आणि त्याहूनही अधिक वेगाने येतो, त्या वेळी हातांचा वेग मात्र त्याच्या लहानशा अंशाएवढाच असतो. चेंडू आणि काठी यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागात आटोपते. तेवढ्या निमिषासाठी सारा जोर राखून ठेवायचा!

बॉबीच्या तरुणपणी काठ्यांचे दांडे हिकरी नावाच्या चिवट लाकडाचे असत. धसमुसळेपणाने मारल्यास लाकडी दांडा पिळवटे आणि चेंडू भलतीकडे जाई. अशा काठीला घाई मुळीच खपत नसे. बॉबीचा टोला लांबलचक, डौलदार आणि पाहणाऱ्याला संथ वाटेल असा होता. काठी मागे खूप दूरवर जाई, क्षणभर जणू विसावे, आणि मग कोठेही धक्का न बसता खाली येई.

अशा प्रकारे मनगट लवकर शहाणे झाले, परंतु मन? १९१६ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत मेरियन येथे उतरला आणि उपउपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पण त्यापुढची सात वर्षे त्याला एकही मोठे अजिंक्यपद मिळाले नाही. टोला उत्तम असूनही तो हरत राहिला, कारण त्याचा राग त्याच्या ताब्यात नव्हता. टोला चुकला की तो काठी फेकून देई. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यांतही प्रेक्षकांना त्याच्या संतापाचे दर्शन घडले. १९२१ साली स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत ब्रिटिश खुल्या स्पर्धेची तिसरी फेरी चालू असता, वाळूच्या खड्ड्यातून चेंडू निघेना म्हणून त्याने अकराव्या टप्प्यावर खेळच सोडून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने रागाने भिरकावलेली काठी प्रेक्षकांतील एका स्त्रीच्या पायाला लागली. राष्ट्रीय गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्र लिहून बजावले, की स्वतःवर ताबा ठेवता येत नसेल तर राष्ट्रीय स्पर्धांत त्याला स्थान नाही.

एकोणीस वर्षांच्या तरुणाला हा घाव वर्मी लागला. आपला प्रतिस्पर्धी समोरचा खेळाडू नसून आपणच आहोत, हे त्याला उमगले. मनगटांची दुमड घाईने उलगडली तर टोला वाया जातो, हे त्याचे हात केव्हाचे जाणत होते. मनाचा जोरही अवेळी उधळला तर सामना वाया जातो, हे आता त्याला शिकायचे होते. हा बदल एका रात्रीत झाला नाही. परंतु त्यानंतर मोठ्या सामन्यात काठी फेकणारा बॉबी लोकांना क्वचितच दिसला.

या धीराची पहिली मोठी कसोटी १९२३ साली न्यूयॉर्कजवळच्या इनवुड येथे लागली. अमेरिकन खुल्या स्पर्धेत विजय हाती आला असताना अखेरच्या टप्प्यांवर त्याने टोल्यांमागून टोले गमावले आणि बॉबी क्रुकशँक या स्कॉटिश खेळाडूने त्याला गाठले. दुसऱ्या दिवशी दोघांत अठरा टप्प्यांचा निर्णायक सामना झाला. सतरा टप्पे संपले तरी दोघे बरोबरीत! अखेरच्या टप्प्यावर जोन्सचा चेंडू खडबडीत जमिनीवर पडला होता. समोर पाणी होते आणि निशाण सुमारे दोनशे यार्डांवर. जुना बॉबी असता तर चिडला असता, किंवा भीतीने आखडला असता. या वेळी त्याने फार विचार न करता काठी निवडली आणि आपला नेहमीचा संथ टोला मारला. चेंडू पाणी ओलांडून निशाणापासून काही फुटांवर जाऊन थांबला. सात वर्षांचा दुष्काळ त्या एका टोल्याने संपला.

यापुढील आठ वर्षांत जोन्स यांनी जे केले त्याला खेळाच्या इतिहासात तोड नाही. अमेरिकन खुली स्पर्धा चार वेळा, ब्रिटिश खुली स्पर्धा तीन वेळा, अमेरिकन हौशी स्पर्धा पाच वेळा आणि ब्रिटिश हौशी स्पर्धा एक वेळ, अशी एकूण तेरा मोठी अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. विशेष हे, की ते अखेरपर्यंत हौशी खेळाडू राहिले. स्पर्धेतील बक्षिसाचा एक डॉलरही त्यांनी घेतला नाही. वर्षातले थोडेच महिने ते स्पर्धा खेळत. उरलेल्या काळात त्यांनी जॉर्जिया टेक येथे यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, हार्वर्ड येथे इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून दुसरी पदवी मिळवली, एमरी विद्यापीठात कायदा शिकून वकिलीची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. खेळामुळे अभ्यास बुडतो, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने हे चरित्र अवश्य वाचावे.

परंतु जिंकलेल्या तेरा स्पर्धांपेक्षाही एका हरलेल्या स्पर्धेने जोन्स यांचे नाव अधिक उजळले. १९२५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे अमेरिकन खुली स्पर्धा चालू होती. पहिल्याच फेरीत अकराव्या टप्प्यावर त्यांचा चेंडू गवतात पडला होता. काठी गवताला टेकवताच चेंडू किंचित हलला. नियमाप्रमाणे याबद्दल एक टोल्याचा दंड होतो. पंचांनी काही पाहिले नव्हते, प्रेक्षकांनी पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतः होऊन ते सांगितले. पंचांनी चौकशी केली. साक्षीदार कोणी मिळेना. अखेर त्यांनी निर्णय जोन्स यांच्यावरच सोपवला. जोन्स यांनी स्वतःच्या नावे एक टोला मांडून घेतला. स्पर्धेच्या शेवटी ते आणि विली मॅक्फार्लेन बरोबरीत आले. तो एक टोला मांडला नसता तर अजिंक्यपद तेथेच जोन्स यांचे झाले असते. अठरा टप्प्यांचा निर्णायक सामनाही बरोबरीत सुटला. आणखी अठरा टप्पे खेळले गेले, आणि त्यांत जोन्स एका टोल्याने हरले. पुढे कोणी या प्रामाणिकपणाची स्तुती करू लागला की त्यांना संकोच वाटे. नियम पाळणे हे कौतुकाचे काम आहे, हे त्यांना मान्यच नव्हते.

१९३० हे वर्ष त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर ठरले. मे महिन्यात सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी, जूनमध्ये हॉयलेक येथे ब्रिटिश खुली, जुलैमध्ये इंटरलॅकन येथे अमेरिकन खुली आणि २७ सप्टेंबर रोजी मेरियन येथे अमेरिकन हौशी, अशा त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा त्यांनी एकाच वर्षात जिंकल्या. चौदा वर्षांपूर्वी ज्या मेरियनला बालखेळाडू म्हणून ते आले होते, तेथेच हे वर्तुळ पूर्ण झाले. त्याआधी असे कोणी केले नव्हते आणि त्या चार स्पर्धांचा तसा विजय पुढेही कोणाला साधला नाही. लोकांना मात्र या यशाची किंमत दिसत नव्हती. स्पर्धेच्या दिवसांत मनावरील ताणाने त्यांना अन्न जात नसे आणि कित्येक पौंड वजन घटे. म्हणून त्याच नोव्हेंबरात, वयाच्या केवळ अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती जाहीर केली.

मनगटाचे रहस्य त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवले नाही. १९३१ साली वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेसाठी त्यांनी गोल्फच्या शिक्षणाचे बारा लघुपट केले. त्यांत मंदगतीच्या चित्रणातून त्यांचा टोला टप्प्याटप्प्याने पाहता येतो : कंबर आधी वळते, हात खाली येतात आणि काठी मागे राहते. मनगटांचा जोर सुरुवातीस उधळू नये, तो अखेरच्या क्षणासाठी राखावा, ही शिकवण त्यांच्या लेखनातही आहे. १९३८ साली हॅरल्ड एजर्टन या शास्त्रज्ञाने क्षणोक्षणी चमकणाऱ्या दिव्याच्या साहाय्याने जोन्स यांच्या एका टोल्याची अनेक चित्रे एकाच छायाचित्रात टिपली. पुढे १९६८ साली ब्रिटनमधील कॉक्रन व स्टॉब्स यांच्या संशोधनग्रंथात गोल्फचा टोला म्हणजे एकाला एक जोडलेले दोन लंबक, असे सांगून या विलंबाचे गणित मांडले गेले. पहिला लंबक हात, दुसरा काठी, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. या गणिताने आणखी एक गोष्ट दाखवली. दुमड मुठी आवळून जबरदस्तीने धरून ठेवली, तर काठी चेंडूपाशी वेळेवर पोहोचतच नाही. राखणे म्हणजे आखडणे नव्हे. योग्य क्रमाने हालचाल झाली की विलंब आपोआप घडतो आणि योग्य क्षणी आपोआप संपतो.

जॉर्जियातील ऑगस्टा येथे जोन्स यांनी क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्या साह्याने गोल्फचे एक सुंदर मैदान उभारले. त्याची आखणी त्यांनी अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांच्यासह केली. १९३४ साली तेथे सुरू झालेली स्पर्धा आज मास्टर्स या नावाने जगप्रसिद्ध आहे. या क्लबाने कृष्णवर्णीय सभासदाला १९९० पर्यंत आणि स्त्रियांना २०१२ पर्यंत प्रवेश दिला नाही, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. थोरांनी उभारलेल्या वास्तूतही त्यांच्या काळाचे दोष राहून जातात. दुसऱ्या महायुद्धात चाळिशी ओलांडलेली असूनही जोन्स सैन्याच्या हवाई दलात दाखल झाले आणि जून १९४४ मध्ये मित्रसैन्याच्या चढाईच्या दुसऱ्याच दिवशी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले.

यानंतर नियतीने आपला टोला मारला. १९४८ साली ते अखेरचे गोल्फ खेळले. मज्जारज्जूत पोकळी निर्माण होऊन हातापायांतील संवेदना व शक्ती हळूहळू नाहीशी करणारा एक दुर्धर रोग त्यांना जडला होता. शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकांची खुर्ची. ज्या मनगटांनी साऱ्या जगाला वेग आणि डौल शिकवला, ती मनगटे दुबळी झाली. बोटांना लेखणी धरवेना. तेव्हा रबरी चेंडूत खोवलेली लेखणी मुठीत धरून ते सह्या करू लागले. पत्रे येत होती, त्यांना उत्तरे जात होती. जुना, काठी फेकणारा बॉबी या अवस्थेत काय करता, याची कल्पना करवत नाही. परंतु ज्याने रागाला तिशीच्या आत जिंकले होते, त्याने तेवीस वर्षांचे हे दुखणे तक्रारीचा शब्द न काढता सोसले.

१९५८ साली सेंट अँड्र्यूज नगराने त्यांना आपले सन्माननीय नागरिकत्व दिले. त्यापूर्वी हा मान केवळ एका अमेरिकनाला, १७५९ साली बेंजामिन फ्रँकलिन यांना, मिळाला होता. हे तेच गाव, जेथे सदतीस वर्षांपूर्वी एक रागीट मुलगा खेळ अर्धवट टाकून निघून गेला होता. समारंभ संपवून जोन्स सभागृहातून बाहेर पडू लागले, तेव्हा लोकांनी उठून एक जुने स्कॉटिश निरोपगीत म्हटले. ते पुन्हा येणार नाहीत, हे सर्वांनाच ठाऊक होते. कित्येकांचे डोळे पाणावले. १८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटा येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे जण गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवतील. पण मारण्याची घाई, चुकल्यावर उसळणारा राग आणि कोणी पाहत नसताना आपली चूक लपवण्याचा मोह, हे तिन्ही आपल्या रोजच्या परिचयाचे आहेत. उद्या विटीदांडू खेळताना दांडू घाईने फिरवण्यापूर्वी मनगट क्षणभर राखून पाहा. विटी किती दूर जाते ते तुमचे तुम्हालाच दिसेल. आणि त्या वेळी ईस्ट लेकच्या हिरवळीवर आपल्या शिक्षकाकडे टक लावून पाहणाऱ्या त्या अशक्त मुलाची आठवण अवश्य ठेवा.